माझ्या टेबलाला हात लावायचा नाही

३ मार्च, सोमवार

लेकीने ही वही पाठवली. सोबत चिठ्ठी : "आई, आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलंस, आता थोडं स्वतःचं लिही. बाळ मोठं झालं की वाचेल." तिला नववा महिना चालू आहे, त्यामुळे तिचं सगळं बोलणं सध्या बाळापाशी येऊन थांबतं. बाळ वाचणार म्हणजे जपून लिहायला हवं. पण जपून तर मी रोज दहा ते साडेपाच लिहितेच. इथे मनात येईल ते लिहीन.

तर बाळा, तुझी आजी कोर्टात स्टेनो आहे. न्यायाधीश साहेब बोलतात, मी शॉर्टहँडमध्ये घेते, टाईप करते. ते वाचतात, सही करतात, मग तो कागद जावक विभागात जातो आणि तिथून बाहेर. नऊ वर्षं एकच साहेब. असा माणूस मी पाहिला नाही. आदेश वाचताना प्रत्येक ओळीखाली पट्टी धरतात, सही करायला पाच मिनिटं लावतात. एकदा दावा हरलेला एक म्हातारा भर कोर्टात त्यांच्या अंगावर ओरडत होता, तर साहेब शिपायाला म्हणाले, "त्यांचा घसा कोरडा पडलाय, पाणी द्या." म्हातारा पाणी प्यायला आणि खाली बसला.

आमच्या कोर्टाचा एक नियम सांगून ठेवते. माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. पहिल्याच वर्षी शिपायाने पुसायच्या निमित्ताने दोन खटल्यांची पानं एकत्र केली होती. त्या दिवशी मी जो आवाज काढला तो म्हणे तळमजल्यावर ऐकू आला. तेव्हापासून कोणाची छाती नाही. कागद द्यायचा असेल तर माझ्या लोखंडी वजनाखाली ठेवायचा (वडिलांच्या दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन आहे), आणि उचलायचा मीच. साहेबसुद्धा तेच करतात. परवा एका पाहुण्या न्यायाधीशांना सांगत होते, "आमच्या बाईंच्या टेबलावर कागद ठेवला की तो बँकेत ठेवल्यासारखा." माझी मान अशी ताठ झाली की संध्याकाळी दुखायला लागली.

६ मार्च, गुरुवार

बसस्टँडवर बसून लिहितेय. बस यायची आहे.

अडीचला जावयांचा फोन आला, लेकीला ॲडमिट केलंय. मी पुन्हा टाईपरायटरसमोर बसले, पण अक्षरं दिसेनात. साहेबांनी खुर्चीतूनच पाहिलं. कामकाज दोन मिनिटं थांबवलं आणि म्हणाले, "बाई, उठा."

"साहेब, चारला तो जामीन आहे."

"लिहायला मलाही येतं. शाळेत शिकवलं होतं."

तो जामीन म्हणजे लिफ्टवाल्याचा. आठ महिन्यांपूर्वी इथल्या हॉस्पिटलची लिफ्ट कोसळली, दोघं गेले. लिफ्टची देखभाल हा करायचा. चूक ह्याची, की जुनीच दोरी वापरायला लावणाऱ्या मालकाची, ते खटल्यात ठरेल. तोवर हा आत. आता ह्याची आई शेवटच्या घटका मोजतेय, म्हणून फक्त सात दिवस सोडा असा अर्ज आहे. गेलेल्या दोघांच्या घरची माणसं सकाळपासून पहिल्या बाकावर बसून होती. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि त्या अर्जाकडेही. माझ्यावर वेळ आली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. म्हणूनच देवाने मला टाईपरायटर दिला आणि साहेबांना खुर्ची.

बस आली.

९ मार्च, रविवार

नात झाली! शुक्रवारी पहाटे. नाक आमच्या ह्यांचं आहे, पण असू दे, बदलेल. आज पहिल्यांदा तासभर मांडीवर मिळाली. दुपारभर मी हलले नाही, पाय बधीर झाला तरी हलले नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रविवार.

११ मार्च, मंगळवार

हजर झाले. टेबलावर धूळ होती, बाकी सगळं जिथल्या तिथे. चार दिवस माझ्या टेबलाला कोणीही हात लावला नव्हता. बघून बरं वाटलं. नसताना वचक राहतो तो खरा.

वजनाखाली साहेबांच्या हातचा एकच कागद होता. लिफ्टवाल्याचा आदेश, सात दिवसांचा जामीन मंजूर. अक्षर किती सुंदर आहे साहेबांचं! सही निळ्या शाईत, नेहमीपेक्षा मोठी, शेवटच्या वळणावर शाई थोडी फुटलेली. फाइलसाठी टाईप करायला ठेवला असणार. टाईप केला, शब्दन् शब्द ताडून पाहिला, दोन्ही कागद अकराच्या आत जावकला शिक्केबुवांकडे पोचवले. (जावक कारकुनाला सगळे शिक्केबुवा म्हणतात. दिवसभर शिक्के मारतो, आणि मारतानाही डुलक्या घेतो.)

बाराला साहेब खोलीबाहेर आले. "बाई, गुरुवारचा तो जामिनाचा कागद?"

"आत्ताच दिला साहेब, अकराच्या आत."

पक्षकारांसाठी एक बाक आहे भिंतीला, त्यावर साहेब बसले. त्या बाकावर साहेबांना मी नऊ वर्षांत बसलेलं पाहिलं नव्हतं. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, "काही नाही. नात कशी आहे? नाव ठेवलं?" मग आत जाऊन त्यांनी स्वतः तुरुंगात फोन लावला. स्वतः! एवढ्याशा कामाला.

१२ मार्च, बुधवार

शिपाई सांगत होता. लिफ्टवाला काल संध्याकाळी सुटला. आई रविवारी दुपारीच गेली.

रविवारी दुपारी.

आदेश गुरुवारचा आणि सुटका मंगळवारी! पाच रात्री शिक्केबुवांनी त्या कागदावर डोकं ठेवून झोप काढली असणार. मी जावकच्या खिडकीत जाऊन चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, "बाई, माझ्याकडे मंगळवारीच आला." मी म्हटलं, उलट्या बोंबा मारू नका. हातातला शिक्का तसाच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

२१ एप्रिल, सोमवार

सव्वा महिन्याने वही उघडली. कारणच तसं आहे. लिफ्टवाल्याने दावा लावलाय. कोणावर? आमच्या साहेबांवर! प्रतिवादी क्रमांक एक, साहेब. क्रमांक दोन, "संबंधित कर्मचारी". तो क्रमांक दोन कोण ते मला चांगलं ठाऊक आहे. जावकच्या खिडकीत बसतो.

मी दावा वाचला, रागाने वाचायला घेतला, पण शेवटपर्यंत राग टिकला नाही. त्याला भरपाई नको आहे. आईच्या उशाशी त्याचा थोरला भाऊ होता. आई चार दिवस दाराकडे बघून विचारत राहिली, धाकटा आला का. भावाने कोर्टातून आदेशाची नक्कल काढली, तर तारीख गुरुवारची! म्हणजे गुरुवारी सुटला आणि आला नाही, कुठेतरी तोंड लपवून बसला, असं भावाने धरलं. तुरुंगाचा दाखला दाखवला तर म्हणाला, असले दाखले तू आणशील हवे तेवढे. भावाने दार बंद केलंय. म्हणून ह्याची मागणी एवढीच : तो कागद गुरुवार ते मंगळवार कुठे होता ते कोर्टाने लिहून द्यावं.

पण त्याच्या वकिलाने भात्यातले सगळेच बाण सोडलेत. अर्ज सकाळी का ऐकला नाही, चारला का ऐकला, सातच दिवस का, सगळ्याचा जाब साहेबांनी द्यावा म्हणे. हे मात्र अती झालं.

२४ एप्रिल, गुरुवार

साहेबांच्या बाजूने सरकारने वकील दिलाय. कोटाला अशी कडक इस्त्री की बसताना कोट आधी बसतो, मग वकील. आमच्यात त्याचं नाव इस्त्री पडलंय. दार उघडं होतं, मी काही कान देऊन ऐकत नव्हते, पण कान आहेत.

इस्त्री म्हणाला, "साहेब, एका पानाचं काम आहे. न्यायासनावर बसून केलेल्या कामाबद्दल न्यायाधीशावर दावा लावता येत नाही. आदेश, तो ठेवणं, पाठवणं, सगळं त्याच कवचात येतं असं आपण म्हणू. दावा उंबऱ्यावरच संपेल. कोणाला काही सांगायला नको."

"म्हणजे कागद कुठे होता हेही सांगायला नको."

"तेच तर म्हणतोय."

"अर्धं पान लिहा," साहेब म्हणाले. "आदेशापुरतं. बाकीचं मी बोलेन."

इस्त्री गेल्यावर मला राहवेना. चहा घेऊन गेले आणि सरळ विचारलं, साहेब, चांगलं कवच आहे तर अंगावरून काढता कशाला?

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, ते माझ्या अंगावर नाहीच. ते त्या खुर्चीचं आहे. मी उठलो की ते तिथेच राहतं, उद्या बसेल त्याच्यासाठी. त्या गुरुवारी पहिल्या बाकावर दोन घरांची माणसं होती. त्यातला एक उठून म्हणाला, ह्याला सोडलंत तर तुम्हालाही कोर्टात खेचीन. त्याचं चुकलं नाही, त्याचा मुलगा गेलाय. पण असा दावा लागू शकत नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी माझ्या घरादाराचा विचार न करता त्या बाईचा विचार करू शकलो, जी मरत होती. कवच नसतं तर सही करताना माझा हात थांबला असता. म्हणून आदेशाबद्दल मला कोणी काही विचारायचं नाही. विचारलं तरी मी सांगणार नाही, मरेपर्यंत."

"मग?"

"पण सही करून झाल्यावर कागद इथे ठेवायचा की तिथे, ह्यात न्याय कुठला आला? ते टपालाचं काम. पोस्टमनला नाही ते कवच मला कसं?"

मी घरी येऊन ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. हे रेडिओ दुरुस्त करतात, हातातला स्क्रू खाली न ठेवता म्हणाले, "मोठा माणूस आहे. पण तू जरा गप्प राहा त्या प्रकरणात." मी का गप्प राहायचं ते सांगितलं नाही.

६ मे, मंगळवार

साहेबांनी दाव्याचं उत्तर सांगितलं, मी घेतलं. अशी सरळ भाषा हल्ली कोण लिहितं! पण एका ठिकाणी मी अडले. ते म्हणाले, "आदेश मी स्वतः लिहिला, सही केली, आणि सवयीने नेहमीच्या जागी ठेवला. तो पुढे गेला की नाही ते मी चार दिवस पाहिलं नाही. ही चूक माझी आहे."

मी पेन्सिल थांबवली. "साहेब, नेहमीची जागा म्हणजे? मोघम वाटतं." मोघम शब्दाला मी त्यांना नऊ वर्षं टोकत आलेय आणि त्यांनी प्रत्येक वेळी बदललाय.

साहेब खिडकीकडे बघत होते. "नेहमीची जागा म्हणजे नेहमीची जागा. पुढे घ्या, बाई."

बदललं नाही. मला जरा लागलंच. दमलेत, दुसरं काय. शिक्केबुवांना वाचवायला बघतायत हे तर उघडच आहे. देवमाणूस! पण झोपाळू माणसासाठी एवढं करायचं?

२२ मे, गुरुवार

वरच्या कोर्टात न्यायाधीश नेमायचेत, यादीत आमच्या साहेबांचं नाव आहे असं सगळे म्हणत होते. आज वरून फोन आला. साहेबांचं बोलणं एवढंच ऐकू आलं : "हो... नाही, ते उत्तर मागे घेणार नाही... हो, कळलं मला." फोन ठेवून त्यांनी चहा मागवला.

मी विचारलं, यादीचं काही? म्हणाले, "वरच्या कोर्टाला जिने फार आहेत, बाई. गुडघे ऐकत नाहीत."

गुडघ्यांचं त्यांनी ह्याआधी कधी सांगितलं नव्हतं. तेल सुचवायला हवं.

१२ जून, गुरुवार

उद्या साहेबांची साक्ष. मला त्यांनी उद्याची रजा दिली, मी न मागता! "नातीला बघून या," म्हणाले. मी कसली जाते. पण घरी आल्यावर म्हटलं, उद्या रिकामी राहणार तर काम करू. शिक्केबुवांचं पितळ उघडं पाडायचं, साहेबांनी स्वतःवर ओढून घेतलेलं काढायचं. कोणत्या दिवशी मी काय दिलं, काय बोलले, सगळं ह्या वहीत आहेच. चहा घेऊन बसले आणि मार्च उघडला.

वाचलं. पुन्हा वाचलं. चहा निवला.

सही निळ्या शाईत, शेवटच्या वळणावर फुटलेली. मीच लिहिलंय. म्हणजे माझ्या हातात होता तो सहीचा मूळ कागद. सहीचा कागद एकच असतो. इतकी वर्षं स्टेनो आहे मी, हे मला कळू नये? तो गुरुवारी जावकला गेलाच नव्हता. तो माझ्या वजनाखाली होता. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी, सोमवारी. शिपाई रोज खोलीत येत होता, शिक्केबुवा दारावरून जात होते, आणि कोणाची छाती झाली नाही.

"बघून बरं वाटलं" असं मी लिहिलंय.

हे म्हणाले, "मला एप्रिलमध्येच कळलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"साहेब तुला वाचवतायत, तर वाच की. तीन वर्षं राहिलीत पेन्शनला."

नात माझ्या मांडीवर होती तेव्हा ती बाई दाराकडे बघत होती, एवढंच डोक्यात फिरतंय.

१३ जून, शुक्रवार

सगळं लिहायचंय, क्रमाने लिहिते.

सकाळी साहेबांच्या गाडीपाशी गाठलं. "साहेब, तो कागद..."

"बाई, तुम्ही आज रजेवर आहात." आणि गाडीत बसले.

त्यांनी पहिल्यांदाच मला वाक्य पुरं करू दिलं नाही. तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. अकरा मार्चला त्या बाकावर बसले तेव्हापासून माहीत आहे. तीन महिने मी त्यांच्यासमोर शिक्केबुवांच्या नावाने खडे फोडत होते आणि हा माणूस रोज मला विचारत होता, नात कशी आहे.

दुसऱ्या इमारतीत सुनावणी होती. खुर्चीवर धाकट्या न्यायाधीश बाई, साहेबांपेक्षा वीस वर्षांनी लहान. साहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे. बसायला खुर्ची दिली तर म्हणाले, "नको, इथे सगळे उभेच राहतात." मी मागच्या बाकावर होते, वही पिशवीत. माझ्यापुढे लिफ्टवाला, एका बाजूला पोलीस. दोन बाकं सोडून, दाराजवळ, त्याचा थोरला भाऊ. साक्षीला म्हणून बोलावलेला, तोंड दुसरीकडे करून बसलेला.

लिफ्टवाल्याच्या वकिलाने विचारलं, "अर्ज सकाळी का ऐकला नाहीत? पाच तास वाचले असते."

साहेब म्हणाले, "तो माझा निर्णय होता. त्याचं उत्तर मी देणार नाही. आणि ह्या कोर्टाला माझी विनंती आहे, कोणत्याही न्यायाधीशाला ते द्यायला लावू नका. आज मी इथे उत्तर दिलं, तर उद्या माझ्या जागी बसलेला माणूस आदेश लिहिताना समोरच्याकडे बघणार नाही, स्वतःच्या दाराकडे बघेल."

धाकट्या बाईंनी मान हलवली. "तो प्रश्न मी विचारू देणार नाही. पुढे."

काय उभे होते साहेब! पिंजऱ्यात होते, पण खुर्चीत असल्यासारखे.

"बरं. सही झाल्यावर कागद कुठे ठेवलात?"

"ह्याचं उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. नेहमीच्या जागी ठेवला. तो थेट जावकला द्यायला हवा होता. सवय नडली. चार दिवस मी विचारपूसही केली नाही. चूक माझी."

"तिथून तो कोणीच का उचलला नाही?"

"तिथले कागद उचलायचे नाहीत असा नियम होता."

"कोणाचा नियम?"

"माझ्या कोर्टातले सगळे नियम माझे असतात."

आणि मागून, दाराजवळून, थोरला भाऊ हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नेहमीची जागा! जागेला नाव नाही का? एकमेकांना सांभाळून घेतायत सगळे."

लिफ्टवाल्याची मान खाली गेली. मी मागून पाहिली ती मान. तो एवढ्यासाठीच आला होता, आणि तेवढंच त्याला मिळत नव्हतं. साहेबांनी एक शब्द मोघम ठेवला होता, माझ्यासाठी, आणि त्या एका शब्दात त्याचा भाऊ जाणार होता.

मी उभी राहिले. आवाज तोच निघाला, तळमजल्यावर ऐकू जाणारा. "जागेला नाव आहे. ते माझं टेबल. नियमही माझा, साहेबांचा नाही. सगळ्या कोर्टाला माहीत आहे."

"बाई, खाली बसा," साहेब म्हणाले.

नऊ वर्षांत त्यांचं मी पहिल्यांदा ऐकलं नाही.

धाकट्या बाईंनी मला पुढे बोलावून शपथ दिली. मी वही काढली. म्हटलं, "एकच पान वाचा. बाकीच्या पानांत वकिलांबद्दल वगैरे आहे." कोणीतरी हसलं. इस्त्रीला कळलं की नाही देव जाणे. बाईंनी मला ते पान मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं. दुसऱ्याचं बोलणं आयुष्यभर वाचून दाखवलंय, घसा कधी बसला नाही. "चार दिवस माझ्या टेबलाला कोणीही हात लावला नव्हता. बघून बरं..." पुढे वाचवेना. बाईंनी वही हातात घेतली आणि उरलेलं स्वतः वाचलं.

थोरला भाऊ उठून पुढे आला होता. त्याने विचारलं, मला वाटतं कोर्टाला विचारलं की मला हे त्यालाही माहीत नसेल, "हे कधी लिहिलंय?"

"अकरा मार्चला," मी म्हटलं. "तुमच्या आई गेल्याचं मला माहीत नव्हतं तेव्हा."

त्याने पान पाहिलं, तारीख पाहिली. मग भावाच्या बाकावर जाऊन त्याच्या शेजारी बसला. लिफ्टवाला रडायला लागला तेव्हा त्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर मी साहेबांसमोर उभी राहिले. वाटलं, आता बोलणी खाणार.

साहेब म्हणाले, "मोघम होतं ते. तुम्ही बरोबर टोकलं होतंत."

२७ जून, शुक्रवार

निकाल लागला. धाकट्या बाईंनी लिहिलंय, आदेशाबद्दल न्यायाधीशाला जाब विचारता येत नाही, आणि हे संरक्षण न्यायाधीशापेक्षा त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. ते नसतं तर कदाचित वादीला तो जामीनच मिळाला नसता. आणि पुढच्याच परिच्छेदात कागद गुरुवार ते मंगळवार कुठे होता, कोणाच्या टेबलावर, कशाखाली, सगळं. वजनसुद्धा आलंय निकालात. लिफ्टवाल्याने बाकीच्या मागण्या सोडल्या.

माझ्या नोकरीच्या नोंदीत लेखी ताकीद आली. मी म्हटलं, कमीच झालं. साहेबांचं नाव यादीत नाही. सगळे हळहळले, साहेब मात्र नव्या कायद्याचं पुस्तक घेऊन खुशाल वाचत बसले होते. गुडघ्याचं तेल आणलं तर म्हणाले, "कसले गुडघे?"

शिक्केबुवांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही ओरडलात तरी चालतं, पण झोपतो म्हणू नका. मी डोळे मिटून मोजतो." बरं.

१ जुलै, मंगळवार

आज दुपारी लिफ्टवाला आला होता. सोबत पोलीस, कारण मुख्य खटला चालूच आहे आणि साहेब त्यात कोणाला सूट देणार नाहीत. निकालाची नक्कल घ्यायची होती. ती मीच त्या कोर्टातून मागून घेऊन टाईप केली होती आणि दोनदा ताडून पाहिली होती. हातात दिली.

तो गेला नाही. म्हणाला, "बाई, ते टेबल कुठलं?"

"हेच."

तो बघत राहिला. टाईपरायटर, पेन्सिली, वजन. मला वाटलं, आता काही बोलेल, आणि जे बोलेल ते मी ऐकून घेणार होते. शिपाई दारातच थबकला होता. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं.

त्याने पुढे होऊन वजन उचललं. तळहातावर तोललं, बाजूला ठेवलं. मग ते जिथे असतं तिथे, टेबलाच्या त्या कोपऱ्यावर, त्याने हात ठेवला. पंजा पसरून, पूर्ण. बराच वेळ.

मी पेन्सिली सरकवून त्याच्या हाताला जागा केली.